काडाचं घर थंड असतं, स्वस्त असेलच असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत काडाच्या गठ्ठ्यांच्या घरांवर, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या वाळक्या काडाचे दाबून बांधलेले गठ्ठे विटांसारखे रचून वर प्लास्टर केलेल्या घरांवर, लेख वाचला, आवडला, पण अशी घरं ‘अगदी स्वस्तात’ होतात हे खटकलं म्हणून लिहितोय. आम्ही 7 वर्षं अशाच घरात राहतोय, अमेरिकेत न्यू मेक्सिकोत, सांता फेजवळ. गाव जवळपास 7000 फुटांवर, हवा कोरडी, थंडीत रात्री पारा शून्याखाली. भिंत प्लास्टरसकट पावणेदोन फूट, खिडकीच्या कट्ट्यावर मुलगी मांडी घालून अभ्यास करते एवढी! संध्याकाळी लाकडाची शेगडी पेटवली की सकाळपर्यंत ऊब राहते, उन्हाळ्यात एसी लागतच नाही.

पण भिंत म्हणजे अख्खं घर नव्हे ना. पाया, छप्पर, वायरिंग, प्लंबिंग यांचा खर्च चारचौघांसारखाच. शिवाय मेहनत विचारू नका, गठ्ठा आखूड करायचा तर हातभर लांब दाभण आरपार घालून आधी नवी सुतळी आवळायची आणि मगच जुनी कापायची, वर चुन्याचे 3 हात. मित्रमंडळी राबली म्हणून निभावलं.

आईने भंडाऱ्याहून फोनवर विचारलं होतं, “तणसाच्या घरात राहतोस, गाय आली तर?” (तणस म्हणजे आमच्याकडे भाताचं काड.) गाय नाही आली, पाणी आलं. तिसऱ्या वर्षी एका खिडकीखाली ओल दिसली, फोडून बघतो तर आतलं काड काळंठिक्कर आणि उकिरड्यासारखा वास. ठेकेदाराने खिडकीखाली बाहेरच्या बाजूला उतारच दिला नव्हता, त्यात वर सिमेंटचं ठिगळ, मग आत शिरलेली ओल सुकणार कुठून? चुना किंवा माती असती तर सुकली असती. आगीची भीती मात्र फुकाची, दाबलेल्या गठ्ठ्यात हवाच कमी असते आणि वर प्लास्टर. बांधकाम चालू असताना खाली सांडलेलं सुटं काड तेवढं रोज झाडून काढायचं, ते भुर्रकन पेटतं.

ही पद्धत निघाली अमेरिकेतल्याच नेब्रास्का राज्यात, वाळूच्या टेकड्या, लाकडाची बोंब, आणि गठ्ठे बांधायची मशीन नवीन आलेली. तिथल्या आर्थर गावातलं 1928 चं चर्च अजून उभं आहे. पण तिथला पाऊस आणि आपला पाऊस एक आहे का? लेखात पावसावर एक ओळ नव्हती! भंडारा-गोंदियात तणस ढिगाने आहे, कुणी करून बघणार असेल तर जोतं उंच घ्या, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील असं छप्पर बाहेर काढा, आणि आधी गोठ्याशेजारी एकच खोली बांधून 2 पावसाळे काढून बघा.

एक वाचक,
सांता फे, न्यू मेक्सिको