एक आकडा, चार फायली

संपादक महोदय,

सांगलीत मी ११ वर्षं लहान संस्थांच्या वेबसाइट सांभाळते. गेल्या महिन्यात एका पतसंस्थेच्या साइटवर ठेवीचा व्याजदर बदलायचा होता. काम एका ओळीचं, म्हणून सोबतच्या मुलाने मुखपृष्ठावरचा आकडा बदलला आणि साइट चढवली. तोच दर आणखी तीन फायलींत होता. कॅल्क्युलेटर दोन दिवस जुन्या दराने व्याज दाखवत राहिला. एक आजोबा त्याची प्रिंट घेऊन काउंटरवर आले, तेव्हा आम्हाला कळलं. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

‘गिट ग्रेप’ ही सगळ्या फायलींत एखादा शब्द किंवा आकडा शोधणारी कमांड आधी चालवली असती तर या जागा क्षणात दिसल्या असत्या. (शोध मात्र दोनदा घ्यावा, एका फाइलीत दर देवनागरी अंकांत होता.) आता आमच्याकडे ‘प्री-कमिट हुक’ आहे, म्हणजे बदल नोंदवण्याआधी (‘कमिट’ करण्याआधी) आपोआप चालणारी तपासणी: दर जुळत नसतील तर कमिटच होत नाही. पण कमांडमध्ये ‘नो-व्हेरिफाय’ (तपासू नको) लिहून हुक टाळता येतो, म्हणून तीच तपासणी सर्व्हरवरही ठेवली. एआयकडून कोड बदलून घेणाऱ्यांनी तर आधी त्याला सगळी रेपॉझिटरी, म्हणजे साइटच्या सगळ्या फायली, वाचायला लावावी.

सहकारी संस्थांनी वेबसाइटच्या कंत्राटात ही तपासणी लिहून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वेब डेव्हलपर, सांगली