आधी उलटायला शीक

मालवण,
१२ नोव्हेंबर

प्रिय वैजू,

तुझा फोटो पाहिला. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवलाय, मधोमध ती निळी हवेची कयाक फुगवून तू आत बसली आहेस, आणि मागे सासूबाई दारात उभ्या राहून बघतायत. चार वेळा पाहिला मी तो फोटो. टँकवर पोहताना तू कायम माझ्यापुढे असायचीस, पण समुद्रावर गेलं की काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसायचीस. त्या तुझ्या घरात आज होडी आलीय! किती आनंद झाला ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून कागद घेऊन बसले.

दुसरंही कारण आहे. ‘जानेवारीत तुमच्याबरोबर विजयदुर्ग ते तेरेखोल समुद्रातून वल्हवत मी येणारच,’ असं तू म्हणालीस. ये. पण आधी डिसेंबरात चार दिवस माझ्याकडे ये आणि उलटायला शीक. ते झाल्याशिवाय मी तुला समुद्रात नेणार नाही. राग आला तरी चालेल.

उलटायचं म्हणजे काय, ते सांगते. मी शिकले कोळंबच्या खाडीत. पहिल्या दिवशी सरांनी वल्हं हातात दिलंच नाही. छातीभर पाण्यात होडी आणली, मला आत बसवलं, कमरेला स्प्रे स्कर्ट चढवला. आम्ही त्याला घागराच म्हणतो. त्याची कड बसायच्या भोकाच्या काठावर ताणून घट्ट बसवली की आत पाणी येत नाही. म्हणजे कमरेखाली तू होडीत आणि कमरेवर तू बाहेर. पुढच्या बाजूला त्या घागऱ्याला एक पट्टी असते, बोटं अडकवायला. सर म्हणाले, पट्टी बघून ठेवा, आता उलटा व्हा.

उलटं झाल्यावर पहिली गोष्ट घडते ती नाकात पाणी. दुसरी, दिशा कळेनाशी होते. डोळे उघडले तर हिरवट उजेड, आणि तो खालून येतोय असं वाटतं. अशा वेळी अंग आपोआप मागे रेलतं, आणि तिथेच चुकतं, कारण मागे रेललं की मांड्या आत अडकतात आणि तोंड खालच्या दगडांना मोकळं मिळतं. पुढे वाकायचं. कपाळ होडीला टेकेल इतकं. मग दोन्ही हात वर काढून होडीच्या बुडावर तीनदा थापा मारायच्या, ढप, ढप, ढप. या थापा कशासाठी ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मदतीची खूण म्हणून तर आहेतच, पण मुख्य म्हणजे त्या तीन थापांएवढा वेळ तू घाबरण्याऐवजी मोजण्यात घालवतेस. मग भोकाच्या काठावरून हात पुढे सरकवत जायचं, पट्टी सापडली की पुढे ढकलून वर ओढायची, आणि ढुंगणाला धक्का देऊन पॅन्ट उतरवावी तशी होडी उतरवायची. सगळं मिळून आठ-दहा सेकंद. त्या दिवशी मी अकरा वेळा उलटले. अकराव्या वेळी आत मासे दिसले, कारण तोवर बघायला सवड मिळाली होती.

आता ही एवढी घोकंपट्टी कशाला, तर गेल्या जानेवारीतली गोष्ट ऐक. कोणाला सांगितली नाहीये.

आम्ही चौघं कुणकेश्वरहून तोंडवळीला निघालो होतो. आदल्या संध्याकाळी पुळणीवर एक म्हातारे तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, जाळं विणत बसले होते. होड्या बघून हसले, हात लावून बघितला, आणि मला म्हणाले, “सुकतीक बारार जावचा नाय, गो बाय.” सुकती म्हणजे ओहोटी. खाडीच्या तोंडाशी वाळूचा जो उंचवटा असतो तो बार. ओहोटीला खाडी सगळं पाणी बाहेर ओतते, समोरून समुद्राच्या लाटा आत येतात, दोन्ही त्या उथळ वाळूवर भिडतात, आणि एरवी गुडघ्याएवढी असणारी लाट तिथे उभी राहते, भिंतीसारखी. मला हे माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, नकाशावर खूण केली होती. पण सकाळी निघायला उशीर झाला. आचऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते, सुकती भरात होती, आणि एक किलोमीटर बाहेरून वळसा घालायचा कंटाळा मी केला. मी. पुढे मी होते, बाकीचे माझ्यामागून आले.

लाट मागून आली. आमच्यातली एक शिक्षिका आहे, रत्नागिरीची. तिची होडी लाटेवर आडवी झाली आणि ती दिसेनाशी झाली. नुसतं पांढरं बूड. मी ढप ऐकायला कान लावला. ढप, ढप, ढप आलं. मग काहीच नाही. वैजू, त्या ‘काहीच नाही’त किती वेळ गेला ते मी आजही सांगू शकत नाही. मग ती बाहेर आली, होडीला धरून, खोकत, आणि पहिलं वाक्य म्हणाली, “पट्टी आत राहिली होती.” सकाळच्या घाईत घागरा बसवताना तिची पट्टी काठाच्या आत दुमडली गेली होती आणि मी ती तपासली नव्हती. पाण्याखाली उलटं असताना तिला पट्टी सापडली नाही; तिनं घागऱ्याची कड बाजूनं मुठीत धरून, आतून गुडघा वर रेटून सोडवली. हा प्रकार तिनं खाडीत वीस वेळा केला होता म्हणून हातांना माहीत होता. डोक्याला त्या क्षणी काही सुचत नसतं.

त्यातलं नशीब म्हणजे सुकतीनंच आम्हाला बाराच्या बाहेर खोल पाण्यात ओढून नेलं, तिथे लाटा मऊ होत्या. मी माझी होडी तिच्या होडीच्या टोकाशी आडवी लावली, तिची होडी पालथीच ओढून माझ्या मांडीसमोर घेतली, आतलं पाणी ओतलं, सुलटी केली, शेजारी घट्ट धरून ठेवली. ती दोन्ही होड्यांच्या मधून पाय टाकून वर चढली. याला टी-रेस्क्यू म्हणतात. मग आम्ही निमूट बाहेरून वळसा घालून तोंडवळीला लागलो. वाळूवर उतरल्यावर तिनं माझ्यासाठी शहाळं आणलं. मला ते संपवता येईना.

तेव्हापासून पाण्यात उतरण्याआधी मी प्रत्येकाची पट्टी माझ्या हातानं ओढून बघते. तुझीही बघेन.

तुझ्या निळ्या कयाकबद्दल खरं सांगते. पवना, मुळशी, पानशेत, सकाळच्या शांत पाण्यावर ती उत्तम आहे. रोज वापर. पण समुद्रावर ती वाऱ्याच्या हातात जाते, कारण पाण्यावर तरंगणारी बाजू जास्त आणि पाण्यात बसणारी जवळजवळ नाही. समुद्राची होडी लांब आणि अरुंद असते, सोळा-सतरा फूट, रुंदी बावीस-चोवीस इंच. आत पुढे-मागे दोन भिंती असतात, त्यांमुळे बसायची जागा पाण्यानं भरली तरी दोन्ही टोकांत हवा राहते आणि होडी बुडत नाही. आमच्याकडे प्लास्टिकच्या आहेत, पंचवीसेक किलोच्या. फायबरच्या हलक्या आणि वेगवान, पण आपल्या खडपांवर एकदा घासल्या की जीव जातो. तुझ्यासाठी एक बोलून ठेवलीय.

ते नारिंगी लाइफ जाकीटही आणू नकोस. मोठी कॉलर असलेलं जाकीट बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवण्यासाठी असतं. ते घालून कंबर वळत नाही. आपल्याला कयाकचं आखूड जाकीट लागतं, पन्नास न्यूटनचं (तरंगवायच्या ताकदीचं हे माप). दुकानात घालून बघ, पट्टे आवळ आणि कोणाला तरी खांद्यांपाशी धरून वर उचलायला सांग. कानापर्यंत आलं तर सैल आहे, परत दे.

वल्हं मात्र जरा जास्त पैसे घालून हलकं घे, २१० ते २२० सेंटीमीटरचं. पाच तासांत ते हजारो वेळा उचलायचं आहे, शंभर ग्रॅमचा फरक खांद्याला कळतो. आणि हातांनी वल्हवू नकोस. हे समजायला मला महिना लागला, आणि समजलं ते आजीच्या जात्यामुळे. आठवतं, ती दळायला बसली की हात जवळजवळ ताठच असायचे आणि कंबर फिरायची? तसंच. पातं पायाच्या बोटांपाशी पाण्यात घालायचं, त्याच बाजूच्या टाचेनं रेटायचं, कंबर वळवायची, आणि पातं मांडीपाशी आलं की काढून घ्यायचं. मागे ओढत नेलं तर नुसतं पाणी उचललं जातं. ज्या दिवशी संध्याकाळी दंडाऐवजी बरगड्यांच्या बाजू दुखतील, त्या दिवशी तुला जमलं असं समज.

परदेशी पुस्तकांत पानंच्या पानं थंडीवर असतात, हातपाय गारठून माणूस कसा जातो यावर. आपला समुद्र जानेवारीतही कोमट असतो. आपल्याला मारतं ते ऊन. चार लिटर पाणी, कोकम, मीठ-साखर, पूर्ण बाह्यांचा सदरा, काठाची टोपी. मळमळतंय, डोकं दुखतंय असं वाटलं तर लपवायचं नाही.

तू म्हणालीस, पन्नाशीला हे शोभतं का. अलेक्झांडर डोबा नावाचा पोलंडचा इंजिनियर होता. त्यानं कयाकमधून एकट्यानं अटलांटिक ओलांडला, तीनदा. तिसऱ्यांदा, २०१७ साली, तो सत्तर वर्षांचा होता. पण मला खरा जवळचा वाटतो तो ऑस्कर श्पेक. १९३२ साली हा जर्मन तरुण बेकारीला कंटाळून उल्म गावातून डॅन्यूब नदीत घडीची कयाक घेऊन उतरला. लाकडी सांगाडा, वर रबरी कापड, छोटं शीड. वल्हवत वल्हवत भूमध्य समुद्र, युफ्रेटिस, इराणचं आखात, मग आपला पश्चिम किनारा, सिलोन, पुन्हा वर कलकत्ता, ब्रह्मदेश, जावा. सात वर्षं. सप्टेंबर १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायबाई बेटाला लागला तर महायुद्ध सुरू झालेलं, आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला थेट कैदेत टाकलं. वैजू, तो याच किनाऱ्यानं खाली गेला. निवतीच्या खडकांपाशी वल्हं थांबवलं की मला हमखास तो आठवतो.

आता बेत. पौष शुद्ध नवमीला निघायचं, त्रयोदशीला पोचायचं. तिथी मुद्दाम निवडलीय. आपल्याकडचा हिशेब तुला माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते. नवमीला पावणेसात, त्रयोदशीला पावणेदहा. म्हणजे पाचही दिवस आपण पहाटे भरतीच्या पाण्यात बाहेर पडणार, आणि उतरताना खाडीचं तोंड टाळून मोकळ्या पुळणीवर लागणार. पहाटे मतलई वारा जमिनीवरून येतो, समुद्र तुपासारखा असतो. दुपारी वारा फिरून वायव्येचा होतो आणि लाटा खवळतात. तो आपल्या मागून येईल, म्हणूनच उत्तरेकडून दक्षिणेला जायचं. तरी अकराच्या आत पाण्याबाहेर, काहीही झालं तरी. तासाला पाच किलोमीटर धरलेत, म्हणजे दिवसाला वीस-बावीस जमतात.

मुक्काम देवगड, मिठबाव, मालवण, निवती. मालवणचा आमच्या घरी, आई घावणे करणार आहे. तांबळडेगच्या बाजूला कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा रात्री तिथे टॉर्च नाही; चांदणं असेलच. देवबागच्या पुढे गादा रेडो दिसतील, डॉल्फिनला इथे तेच म्हणतात; दिसले की वल्हं आडवं ठेवून गप्प बसायचं, मागे लागायचं नाही. सागरी पोलिसांना आणि वाटेतल्या कोळीवाड्यांना मी आधी सांगून ठेवते. कोस्ट गार्डचा १५५४ आत्ताच फोनमध्ये टाकून घे.

एखादा दिवस वारा पहाटेच उठला तर आपण निघणार नाही. दिवसभर वाळूवर बसू. तू म्हणशील, एवढ्या लांबून आले ते बसायला? हो. ते पटत असेल तरच ये.

डिसेंबरात शुक्रवारी रात्रीची गाडी पकड, कुडाळला मी घ्यायला येते. नाकाची क्लिप आण, इथे मिळत नाही. चष्म्याला दोरी लावून घे. जुनी लेगिंग्ज दोन आण, वाळूनं घासल्या जातात. शनिवारी सकाळी सातला कोळंबच्या खाडीत भरती आली की तुला उलटी करते. मी शेजारीच उभी असेन, कंबरेएवढ्या पाण्यात, आणि थापा मोजेन.

सासूबाईंना नमस्कार सांग. त्यांना बरोबर यायचं असेल तर आईला सोबत होईल.

तुझी,
मेधा