रोस लावण्याआधी

म्हापसा, रविवार

प्रिय रूथ,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, रोस नको. लग्न चर्चमध्ये लागणार, मग त्याआधी अंगाला नारळाचा रस कशाला? त्यात ख्रिस्ती काय आहे?" मी गप्प राहिले. हाच प्रश्न पस्तीस वर्षांपूर्वी याच घराच्या मागच्या अंगणात माझ्या मनात आला होता. मी तो विचारला नाही, नुसतं तोंड फिरवलं. तुझ्या आजीला ते दिसलं होतं.

मी नगरची, प्रोटेस्टंट घरातली. आमच्याकडे श्रद्धा म्हणजे रोजचं शास्त्रवाचन, आणि संध्याकाळी टाळ घेऊन रेव्हरंड टिळकांचे अभंग. माझे वडील म्हणायचे, माणूस जन्माने ख्रिस्ती होत नाही, स्वतः ठरवून होतो. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यासाठी केवढं सोसलं, हे ऐकत मी वाढले. आणि लग्न करून आले ती अशा कॅथलिक घरात, जिथे खुरसाजवळ, म्हणजे क्रुसाजवळ, मेणबत्ती लावून लदीन ही प्रार्थना म्हणतात, अर्धी लॅटिनमध्ये. मला वाटायचं, ही माणसं जुनं काही सोडतच नाहीत.

जुनं म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळलं. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, इन्क्विझिशन, होतं. १७३६ च्या फर्मानात त्यांनी लग्नातल्या किती गोष्टींवर बंदी घातली होती! अंगाला हळद, नारळाचा रस लावणंसुद्धा त्यात होतं. दारात तुळस नको, धोतर नको. म्हणजे तुझ्या आजीच्या पणजीच्या पणजीने शिक्षेची भीती असताना रोस लावला असेल, आणि चर्चमध्ये मिसाच्या उपासनेलाही गेली असेल. तिने येशूला सोडलं नाही आणि आपल्या माणसांनाही नाही. मी त्या बाईला कच्ची ख्रिस्ती कोणत्या तोंडाने म्हणू?

आणि माझा टाळ? तो तरी कुठून आला? पंढरीच्या वाटेवरूनच ना! टिळकांनी अभंग टाकला नाही, त्यात ख्रिस्त गायला. त्याच्या कितीतरी आधी, १६१६ साली, इथेच गोव्यात राशोलला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठी ओवीत. जन्माने इंग्रज माणूस, पण नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्याने ओवी धरली. आमचा टाळ चालतो आणि यांचा नारळ चालत नाही, असं मी इतकी वर्षं मानत होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

तू आणखी एक विचारलंस. या घरात जन्मले नसते तर मी ख्रिस्ती झाले असते का? बहुतेक नाही, बाळा. पण मराठीही तू आमच्याकडूनच घेतलीस, तरी तुझं बोलणं तुझंच आहे ना? वडील म्हणायचे ते खरं आहे, ठरवावं लागतं. ते तू पुण्याला एकटी असताना, आजारपणात रात्री प्रार्थना करायचीस तेव्हाच ठरवलंस, असं मला वाटतं. आम्ही कोणी सांगायला नव्हतो तिथे.

तुझं नाव मी ठेवलं होतं. शास्त्रातल्या रूथला देव सासूच्या घरात भेटला. माझ्या रोसाच्या वेळी तुझ्या आजीने वाटीत बोट बुडवून आधी माझ्या कपाळावर क्रुसाची खूण केली. मी रागात होते, तरी तो थंड स्पर्श विसरले नाही. ती गेली त्या आठवड्यात तिच्या उशाशी बसून मी तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, म्हटली, आयुष्यात पहिल्यांदा, चुकत चुकत.

नको असेल तर रोस करू नकोस, मी रुसणार नाही. पण ती पितळेची वाटी घासून ठेवली आहे. आणि चर्चला निघताना पप्पांकडे बेसांव, त्यांचा आशीर्वाद, नक्की माग. ते स्वतःहून बोलणार नाहीत, दारात उभे राहून वाट बघतील.

तुझी,
आई