रिपोर्ट नॉर्मल होता, घास अडकतच होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्ताच्या तपासणीतून अन्ननलिकेचा कर्करोग लवकर ओळखता येईल, अशा बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. वाचून आशा वाटते आणि धास्तीही. धास्तीचे कारण घरचे आहे.

माझ्या वडिलांचा घास छातीच्या मधोमध अडकू लागला होता. दर दोन घासांनी ते पाण्याचा घोट घ्यायचे, छातीवर हात ठेवून थांबायचे आणि आम्हालाच समजवायचे, "मी नीट चावत नाही रे." आम्ही एका लॅबमध्ये ट्यूमर मार्करच्या, म्हणजे कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या घटकांच्या, तपासण्या करून घेतल्या. सीईए नावाच्या मार्करसकट सगळे आकडे मर्यादेत आले. 'कॅन्सर नाही, निर्धास्त राहा,' असे काउंटरवरच सांगण्यात आले आणि आम्ही चार महिने खरोखरच निर्धास्त राहिलो. एंडोस्कोपी, म्हणजे घशातून दुर्बीण घालून तपासणी, झाली तेव्हा गाठ अन्ननलिकेच्या भिंतीबाहेर गेली होती. वडील आता नाहीत.

सीईएसारखे जुने मार्कर सुरुवातीच्या आजारात बहुतेक वेळा वाढतच नाहीत, हे मला नंतर कळले. नव्या तपासण्या रक्तात मिसळलेले गाठीच्या डीएनएचे तुकडे शोधतात. पण गाठ लहान असताना हे तुकडे रक्तात उतरतात तरी किती? 2018 साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅन्सरसीक' या तपासणीच्या अभ्यासात आठ प्रकारचे कर्करोग होते. त्यात अन्ननलिकेचे पहिल्या टप्प्यातले रुग्ण जेमतेम 20 टक्के सापडले, म्हणजे पाचांतले चार निसटले. आणि नेमका याच टप्प्यात, आजार वरच्या अस्तरापुरता असेल तर, दुर्बिणीतूनच तो काढता येतो. घास अडकेपर्यंत नळी बरीच अरुंद झालेली असते. अन्ननलिका ताणली जाते, त्यामुळे त्रास उशिरा जाणवतो. शिवाय तिला बाहेरून आवरण नसल्याने आजार आजूबाजूला लवकर पसरतो.

संशोधन व्हायलाच हवे. वर्षानुवर्षे ॲसिडिटीचा त्रास असलेले किंवा तंबाखू-दारूचे व्यसन असलेले अशांपैकी आधी एंडोस्कोपी कोणाची करायची, हे उद्या एखाद्या रक्तचाचणीने ठरवता आले तर फार मोठे काम होईल. दोऱ्याला बांधलेली कॅप्सूल गिळायला देऊन, पोटात फुललेला स्पंज वर ओढताना अन्ननलिकेच्या पेशी गोळा करण्याची पद्धत केंब्रिजच्या संशोधकांनी विकसित केली आहे. मला तीही आश्वासक वाटते, कारण तिथे गाठीची खूण रक्तात उतरण्याची वाट पाहावी लागत नाही.

माझी विनंती एवढीच, की अशी बातमी छापताना 'अचूकता 90 टक्के' एवढ्यावर थांबू नका. पहिल्या टप्प्यातले किती रुग्ण सापडले आणि निरोगी असूनही कितींना आजार असल्याचे सांगितले गेले, हे आकडेही द्या. आणि सोबत ठळक अक्षरांत एक ओळ छापा: घास अडकत असेल, तर रक्ताचा रिपोर्ट काहीही येवो, एंडोस्कोपी करून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक