लवंग तेलाने भाजलेली हिरडी आणि तुमचं पंधरा टक्क्यांचं कूपन

दि. ३ फेब्रुवारी २०२५
नाशिक

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : घरगुती उपचार संचातील लवंग तेलाने झालेली इजा, खराब ड्रॉपर व माहितीपत्रकातील धोकादायक सूचना

महोदय,

डिसेंबरमध्ये मी तुमचा सहा इसेन्शियल ऑइल्सचा संच १,२९९ रुपयांना ऑनलाइन मागवला. निलगिरी, लवंग, पुदिना, ओवा, टी ट्री, लॅव्हेंडर. प्रत्येकी १० मिली. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१००% नैसर्गिक, संपूर्ण कुटुंबासाठी सुरक्षित’. सोबत मराठीत छापलेलं पत्रक. मराठी बघून बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

संक्रांतीच्या रात्री तिळाची वडी चावताना यजमानांची दाढ ठणकायला लागली. दवाखाने बंद. पत्रकात लिहिलं होतं, ‘दाढदुखी : ४-५ थेंब दुखऱ्या जागी थेट सोडा, त्वरित आराम.’ मी बाटली उघडली. ड्रॉपरचं रबर फुगून लिबलिबीत झालं होतं, बोटाला काळं चिकटलं. जरा दाबलं तर थेंब कसला, धारच सुटली. दाढ, हिरडी, जिभेची कड, सगळीकडे तेल गेलं. ते ओरडत बेसिनकडे धावले. सकाळी पाहिलं तर हिरडी पांढरी पडली होती आणि दुसऱ्या दिवशी तिचा पापुद्रा सुटला. चार दिवस माणूस मऊ भात आणि ताकावर होता. दाढ ठणकत होती ती होतीच.

दंतवैद्य म्हणाले, लवंग तेलाचा मुख्य घटक युजेनॉल. ते दुखरी जागा बधिर करतं, म्हणूनच झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरतं सिमेंट भरायला ते स्वतःही वापरतात. पण निव्वळ तेल हिरडीवर ओतलं की ती भाजते. आणि दात किडलेला असेल तर तो बधिर झाला म्हणून बरा होत नाही.

आता तुमच्या उत्तराकडे वळते. मी फोटोंसह ईमेल केला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : ‘आमचे तेल अत्यंत शुद्ध असल्याने किंचित जळजळ होणे स्वाभाविक आहे’, आणि खाली पुढच्या खरेदीवर १५ टक्के सवलतीचं कूपन. म्हणजे तेच तेल मी पुन्हा घ्यायचं, जरा स्वस्तात!

‘आजीबाईंचा पारंपरिक उपाय’ असं तुम्ही पत्रकावर छापलंय. माझी आजीही दातदुखीवर लवंगच द्यायची, पण एक अख्खी लवंग, दाढेखाली धरायला. लवंगेत तेल असतं साधारण १५ ते २० टक्के. हिशोब केला तर तुमच्या १० मिलीच्या बाटलीत पन्नास ते सत्तर ग्रॅम लवंगांचा ऐवज भरतो. माझ्या वर्षाच्या मसाल्याला एवढी लवंग पुरते. आजीचं नाव घेऊन हे दाढेवर ओतायला सांगू नका.

लवंगेपेक्षा मला निलगिरीची भीती जास्त वाटते. पत्रकात आहे : ‘मुलांची सर्दी : खडीसाखरेवर ३ थेंब टाकून चोखायला द्या.’ माझी नणंद सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. तिने ही ओळ वाचली आणि ती बाटली माझ्या हातातून काढूनच घेतली. निलगिरीचं तेल पोटात गेलं तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, चमचाभर तेलही जिवावर बेतू शकतं, असं तिने सांगितलं. बाटलीवर मात्र मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असं आहे. मी भिंग लावून वाचलं. पत्रक म्हणतं चोखा, बाटली म्हणते पोटात घेऊ नका. आमच्या घरात चार वर्षांचा नातू आहे, आणि तुमचं झाकण तो एका झटक्यात फिरवतो. सर्दीच्या औषधाची बाटलीही दिसायला अशीच तपकिरी असते.

माझ्या मागण्या सरळ आहेत. संचाचे १,२९९ आणि दंतवैद्याचे ८५० रुपये परत करा. ते पत्रक मागे घ्या, ज्यांना पाठवलंय त्यांना तसं कळवा. पोटात न घेण्याची, खोबरेल तेलासारख्या तेलात पातळ करूनच लावण्याची आणि मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापा. रबराच्या ड्रॉपरऐवजी थेंब-थेंब पडेल असं आतलं बूच द्या, झाकण मुलांना न उघडणारं ठेवा. कूपन नको.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करीन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, एवढी चौकशी करून ठेवली आहे.

सोबत बिलाची प्रत, हिरडीचे फोटो आणि पत्रकाची झेरॉक्स जोडली आहे. मूळ पत्रक आणि तो वितळलेला ड्रॉपर काचेच्या बरणीत घालून माझ्याकडेच ठेवला आहे. प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा धीर झाला नाही.

कळावे,
आपली एक ग्राहक