वेन्सडे नव्हे हो, युनायटेड!

संपादकसाहेब, नमस्कार.

कालच्या क्रीडा पानावर इंग्लंडचा फुटबॉल मॅनेजर नील वॉर्नॉक याच्यावरचा लेख वाचला आणि हातातला चहा तसाच निवला. 'खेळाडू म्हणून अपयशी ठरला म्हणून कोच झाला' असं तुमच्या लेखकानं ठोकून दिलंय, ते एकवेळ सोडून दिलं असतं, पण फोटोखाली 'शेफिल्ड वेन्सडेचे माजी प्रशिक्षक'? अहो, वेन्सडे आणि युनायटेड हे शेफिल्ड शहरातले दोन कट्टर प्रतिस्पर्धी क्लब! हा माणूस शेफिल्डमध्येच जन्मला, लहानपणापासून युनायटेडचा, आणि 1999 ते 2007 युनायटेडचाच मॅनेजर. आमच्या कोल्हापुरात पाटाकडील तालमीच्या एखाद्या कार्यकर्त्याला समोरच्या 'खंडोबा तालमीचा' म्हणून छापा आणि मग शाहू स्टेडियमवर मॅच बघायला या, बघू परत कसे जाताय ते.

आता ते 'अपयशी'. चेस्टरफिल्ड, रॉदरहॅम, हार्टलपूल, स्कन्थॉर्प, ऑल्डरशॉट, बार्न्सली, यॉर्क, क्रू. बारा वर्षांत आठ क्लब, सगळे खालच्या डिव्हिजनचे, विंगर म्हणून तीनशेच्या वर लीग मॅच. स्टार नव्हता, मान्य, पण दर दीड-दोन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर घेऊन नव्या गावात जायचं आणि तिथं टीममध्ये जागा मिळवायची याला अपयश म्हणत असाल तर आपल्याकडच्या निम्म्या नोकरदारांना तेच म्हणावं लागेल. वर पायाच्या उपचाराचं रीतसर शिक्षण घेतलेलं, म्हणजे लोकांची कुरुपं काढायची. ते तुमच्या लेखात कुठंय? स्कारबरोला 1987 साली थेट फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या चार डिव्हिजनमध्ये नेलं ते? नॉट्स काउंटीला लागोपाठ दोन वर्षं वरच्या डिव्हिजनमध्ये चढवलं ते? असे सगळे मिळून आठ प्रमोशन आहेत, इंग्लंडमध्ये दुसऱ्या कुणाचे एवढे नाहीत. तुम्ही मात्र अर्धा कॉलम त्याच्या रेफरींशी झालेल्या भांडणांवर घालवला. (भांडायचा, हे खरंय. तोंड फटकळच आहे.)

मला इतका राग यायचं कारण सांगतो. 13 मे 2007 ला मी ब्रॅमल लेनवर, म्हणजे युनायटेडच्या मैदानावर होतो. कंपनीनं दोन वर्षांसाठी शेफिल्डला पाठवलेलं, ऑफिसातल्या एकाचं सीझन तिकीट त्या दिवशी मला मिळालं. विगनशी सीझनची शेवटची मॅच, ड्रॉ झाली तरी प्रीमियर लीगमधून खाली जाण्यापासून वाचलो असतो. शेजारी एक म्हातारबा, एका कानात रेडिओची वायर, ओल्ड ट्रॅफर्डवर, मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर, आमच्यासारख्याच धोक्यात असलेल्या वेस्ट हॅमचं काय चाललंय ते ऐकत बसलेले. हाफटाइमच्या तोंडावर तिकडं वेस्ट हॅमच्या टेवेझनं गोल मारला आणि इकडं विगनला पेनल्टी. मारणारा कोण, तर अन्सवर्थ, जानेवारीपर्यंत आमच्याचकडं असलेला! गोल. 1-2. म्हातारबांनी कानातली वायर काढली, नीट गुंडाळून खिशात ठेवली, थर्मास उघडला आणि टोपणात चहा ओतून माझ्यापुढं धरला. बोलले काहीच नाहीत. सेकंड हाफमध्ये आमच्या वेबरचा शॉट पोस्टला लागून गेला तेव्हाही नाहीत. विगनचे आणि आमचे गुण सारखेच, 38, पण गोलफरकात एका गोलनं मागे पडून आम्ही खालच्या डिव्हिजनमध्ये. तीन दिवसांत वॉर्नॉकनं राजीनामा दिला. त्याच टेवेझच्या नियमात न बसणाऱ्या करारावरून वेस्ट हॅमला साडेपाच मिलियन पौंड दंड झाला, पण त्यांचे गुण मात्र कापले नाहीत, यावर तुमच्या लेखात एक ओळ नाही, आणि वर क्लबपण चुकीचा!

तर शुद्धिपत्र छापा. छोटं चालेल, आतल्या पानावर चालेल, पण त्यात 'युनायटेड' हा शब्द दिसला पाहिजे.

आणि लिहायला बसलोच आहे म्हणून, इथल्या लीगचे निकाल हल्ली तुम्ही दोन ओळीत उरकता, गोल कुणी मारले तेही नसतं. त्याच पानावर परवा परदेशातल्या कुठल्यातरी खेळाडूच्या नव्या गाडीचा तीन कॉलमी फोटो होता. रविवारच्या शब्दकोड्यात उभ्या 14 ला चौकोन चार आणि उत्तर पाच अक्षरी, त्यावर मी अर्धा तास घालवलाय.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोल्हापूर