फारा, तू बोललीस म्हणून

प्रिय फारा,

तुला मराठी येत नाही, हे मला माहीत आहे. तरीही हे पत्र मराठीतच लिहितेय, कारण ज्या बायकांनी ते वाचावं असं मला वाटतं त्या मराठी वाचतात. आणि तू इंग्लंडची एवढी मोठी फुटबॉलपटू असलीस तरी तुला अहो-जाहो करत नाही. तू १९८४ ची, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची.

२०१४ साली, थंडीच्या तोंडाशी, मी मँचेस्टरमधल्या एका केअर होममध्ये कामाला होते. लग्न करून ज्या घरात आले ते घर सप्टेंबरात सोडलं होतं. का सोडलं ते इथे नको. एक निळी बॅग, कागदपत्रांची फाइल आणि आईनं शिवलेली गोधडी, एवढंच घेऊन निघाले. काही रात्री ओळखीच्यांकडे सोफ्यावर, काही होस्टेलमध्ये काढल्या. उरलेल्या रात्रींसाठी मी नाइट ड्युटी मागून घ्यायचे, कारण तिथे निदान ऊब असायची. बॅग लॉकरमध्ये मावायची नाही, म्हणून गोधडी वेगळ्या पिशवीत घालून चादरींच्या कपाटामागे सारून ठेवायचे. आईशी स्काइपवर बोलताना स्टाफरूममधली खुर्ची अशी वळवायची की मागे फक्त फुलाफुलांचा पडदा दिसेल. "पडदे छान आहेत गं तुझ्या घरचे," आई म्हणायची.

तिथल्या एका आजोबांना सकाळी पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. त्यांना फक्त फुटबॉलची पानं हवी असायची. त्यात एके दिवशी तू निघालीस. फारा विल्यम्स, इंग्लंडची मिडफिल्डर. त्याच ऑगस्टमध्ये हार्टलपूलला स्वीडनविरुद्ध १३० वा सामना खेळून इंग्लंडकडून सर्वाधिक सामन्यांचा विक्रम तू आपल्या नावावर केला होतास. आणि त्याच बातमीत लिहिलं होतं, की तू सहा वर्षं बेघर होतीस. मी मध्येच थांबले. आजोबा म्हणाले, "वाच ना पुढे." मला वाचवेना.

मग ती बातमी मी एकटीनं किती वेळा वाचली असेल! घरातल्या भांडणानंतर सतराव्या वर्षी तू बाहेर पडलीस. नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्तुगालविरुद्ध पहिल्यांदा इंग्लंडची जर्सी घातलीस, तीही सतराव्याच वर्षी. मला आजही सुचत नाही की या दोन गोष्टी एका मुलीच्या अंगात एका वेळी कशा मावल्या. राष्ट्रीय संघाचं शिबिर असलं की हॉटेलची स्वच्छ गादी, पोटभर जेवण. शिबिर संपलं की बाकीच्या मुली आपापल्या घरी, आणि तू परत बेघरांच्या होस्टेलवर. कुणी जवळ येऊ नये म्हणून तू वेडगळ आवाज काढायचीस, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. आणि सोबतच्या बहुतेक मुलींना याचा पत्ताच नव्हता. देशाकडून खेळणारी मुलगी बेघर कशी, असं इथे वाचणाऱ्या कुणाला वाटेल. तर तेव्हा इंग्लंडमध्ये बायकांच्या फुटबॉलवर पोट भरत नसे. राष्ट्रीय संघातल्या मोजक्या मुलींना पगारी करार मिळाले ते थेट २००९ मध्ये, आणि तेही वर्षाला १६,००० पौंडांचे.

माझ्या मनात रुतून बसली ती मात्र मो मार्ली यांची गोष्ट. २००४ मध्ये तू लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबकडे गेलीस, तेव्हा त्या तिथल्या प्रशिक्षक होत्या. त्यांना तुझी परिस्थिती कळली, त्यांनी हातपाय हलवले, मुलांना फुटबॉल शिकवायचं काम तुला मिळालं, आणि हळूहळू डोक्यावर छप्परही आलं. म्हणजे एका माणसाला कळण्याची खोटी होती.

तीन दिवस मी तोंड उघडायचं म्हणून ठरवत राहिले. चौथ्या दिवशी आमच्या मॅनेजरबाईंच्या खोलीत गेले आणि तुझी बातमीच त्यांच्यापुढे ठेवली. "हिच्यासारखंच माझंही चाललंय," एवढंच बोलले. त्यांनी दार लावून घेतलं आणि केटल चालू केली. पंधरा दिवसांत मला भाड्याची खोली मिळाली. खिडकी छोटी होती, पण किल्ली माझी होती.

२०१५ चा वर्ल्ड कप मी त्या खोलीत मोबाइलवर पाहिला. जपानविरुद्धची सेमीफायनल इथल्या रात्री बाराला सुरू झाली. तू पेनल्टीवर बरोबरी साधलीस, आणि भरपाईच्या वेळेत लॉरा बॅसेटकडून स्वतःच्याच जाळ्यात गोल झाला. तेव्हा मी तिच्यासाठी रडले. मग ४ जुलैला कॅनडातल्या एडमंटनला, तिसऱ्या क्रमांकासाठी, जर्मनी. इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला कधीच हरवलेलं नव्हतं. एक्स्ट्रा टाइम, १०८ वं मिनिट, पुन्हा पेनल्टी, पुन्हा तूच चेंडू ठेवलास. गोल. कांस्यपदक. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यानं भिंत ठोकली, इतकी मी ओरडले.

मी नागपूरची. आमच्याकडे विजय बारसे सरांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहिली आणि २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे आणलं. तुझ्या पदार्पणाचंच ते वर्ष. त्यांच्या 'स्लम सॉकर' या संस्थेतून मुलं-मुली पुढे बेघरांच्या वर्ल्ड कपला जातात. तूही आपलं सांगून मोकळी झाली नाहीस, बेघर मुलींना शिकवायला मैदानात उतरलीस. माझ्या गावाचं आणि तुझं नातं असं आधीपासूनच जुळलेलं होतं, मला फक्त उशिरा कळलं.

२०२१ मध्ये रेडिंग क्लबकडून खेळून तू बूट उतरवलेस. इंग्लंडकडून १७२ सामने, ४० गोल. विक्रमांबद्दल तुझं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मला आभार मानायचे आहेत ते तू पेपरवाल्यांपुढे बसून जे सांगितलंस त्याचे. न सांगता निवृत्त झाली असतीस तरी तुझं काही अडलं नसतं. माझं अडलं असतं.

जर्मनीच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईला फोन लावला आणि कॅमेरा सगळ्या खोलीभर फिरवला. पडदा लावायचा राहिलाच होता. आधीचे पडदे कुठले होते तेही सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गोधडी आहे ना जवळ?"

आहे. अजून आहे.

तुझी,
मँचेस्टरमधली एक नागपूरकरीण